बापाची किडनी, बापाचीच कावीळ

आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत डॉक्टर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर यायचा, सायकलीवर. तो कुठं शिकला होता ते कोणी विचारलं नाही, मीही नाही. कॅरिअरला चामड्याची बॅग, बॅगेत काचेची पिचकारी, स्टीलच्या डबीत दोन-तीन सुया आणि लाल औषधाच्या बाटल्या. दिवसभर बांधीत वाकून धानाचे परे लावणाऱ्या बाया संध्याकाळी धुऱ्यावर ओळीनं बसायच्या, माणसंही बसायची, आणि तो एका टोकापासून सुरू व्हायचा. लाल सुई घेतली की कंबर मोकळी होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकता येतं, अशी सगळ्यांची खात्री होती. एकाच्या दंडातून सुई काढायची, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, पुढच्याच्या दंडात टोचायची. आम्हाला त्यात काही खटकलं नाही. उलट जो डॉक्टर नुसती गोळी द्यायचा त्याला आम्ही डॉक्टर मानतच नव्हतो. गोळी तर किराणा दुकानातही भेटते. सौंदडच्या बाजारात एक शिकलेला डॉक्टर बसायचा. त्यानं मला एकदा सुईची गरज नाही म्हटलं. "टोचता येत नाही का तुमाले?" असं विचारून मी उठून आलो होतो.

माझी बायको रोवणीत पहिल्या ओळीत असायची आणि सुईच्या ओळीतही. मी तिच्या बाजूला. पोरीला मात्र मी चिखलात पाय टाकू दिला नाही. एकच पोरगी. मी स्वतः चौथीपर्यंत गेलो, तेही पावसाळा सोडून. खरं वाचायला शिकलो ते विहारातल्या फळ्यावरून, मोठा झाल्यावर. म्हणून ठरवलं होतं की ही बांधीत उतरणार नाही, शाळेत जाईल. गावातल्या बाया टोमणे मारायच्या.

"काऊन भाऊजी, पोट्टीले राणी करता का घरात ठेवून?"

"हो, करतो. तुले दासी पाहिजे का?" मी म्हणायचो.

तर त्या धुऱ्यावरच्या ओळीत माझी पोरगी कधी बसली नाही. मी तिला कशापासून दूर ठेवत होतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटत होतं, चिखलापासून.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा बायकोचं पोट फुगायला लागलं. हातपाय काड्या आणि पोट भरल्या दिवसांच्या बाईसारखं. डोळे हळदीत बुडवल्यासारखे. झाडपाला झाला, मंतरलेलं पाणी नाही केलं, आमच्या घरी ते चालत नाही, पण झाडपाला झाला. मग गोंदियाला नेलं. पोटातून पाणी काढलं, ते परत भरलं. तिथल्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, बाई दारू पिते का. जिनं आयुष्यात दारूच्या भांड्याला हात लावला नाही तिच्याबद्दल हे विचारतो म्हणून मी त्याच्याशी भांडलो. लिव्हर खराब झालं, एवढंच आम्हाला कळलं. शेवटी शेवटी तिला माझं नावही आठवत नव्हतं. पोरीचा हात धरून ती "माझी पोट्टी कुठं गेली" असं पोरीलाच विचारायची. ती गेली. का गेली ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पोरगी गोंदियाजवळ कुडव्याला दिली. जवायाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, घरी सासू. पोरगी घरात बसून ब्लाऊज शिवायची, हात सफाईदार, गिऱ्हाईक चांगलं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तेव्हा एकदाचे दिवस राहिले. त्यातच बीपी वाढलं, लेकरू पोटातच गेलं. आम्ही लेकरासाठी रडत होतो, तिच्या पायांवरची सूज कोणी पाहिली नाही. सूज उतरेना तेव्हा रक्त तपासलं. दोन्ही किडन्या गेलेल्या.

मग डायलिसिस. माझं आयुष्य त्या काळात सौंदड ते गोंदिया गाडी आणि गोंदियात एका लोखंडी बाकावर बसणं एवढंच होतं. तिचा दिवस असला की मी जाऊन बाहेर बसायचो. आत जाऊ देत नव्हते. मी उठून दरवाजातून डोकावलो की तिथला पोरगा म्हणायचा, "काका, बैठो ना. आप देखोगे तो मशीन जल्दी चलेगी क्या?" बाकावर ओळखी होत. कोणाचा नवरा आत, कोणाचा बाप. मग एखाद्या दिवशी ओळखीचं माणूस बाकावर दिसत नसे. त्याचं कोणी आत नाही राहिलं, हे सगळ्यांना समजे आणि बाकावर दुसरं माणूस बसे.

मशीन लावायला हातावर दोन नसा जोडतात. त्या जागेवर हात ठेवला की आतून घरघर लागते. पोरगी मला ती घरघर दाखवायची. "पाहा बाबा, गिरणी चालून राहिली." एका सकाळी ती गिरणी बंद पडली. दुसऱ्या हातावर केली, तीही थोड्याच महिन्यांत बंद पडली. मग मानेत नळी घातली. मानेत नळी घेऊन ती शिलाई मशीनवर बसायची, पदरानं झाकून, कारण गिऱ्हाइकाच्या बाया नळी पाहून कापड परत नेत.

मी म्हटलं, माझी किडनी घ्या. जवायाचा रक्तगट जुळत नव्हता, सासूला शुगर. माझा गट जुळला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. गाडीत मी जवायाला ऐकवत होतो की साठीतला आहे पण अजून धानाचं चुंगडं उचलतो, माझी किडनी तुमच्या दोन्हींना भारी आहे. तो बिचारा "हो मामाजी" म्हणत होता.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात माझ्या अंगाचं काही तपासायचं ठेवलं नाही. मग एक दिवस डॉक्टरनं आम्हा तिघांना समोर बसवलं. माझ्या पोराच्या वयाचा असेल, मला पोरगा असता तर. म्हणाला, "काका, तुमच्या रक्तात सी प्रकारची कावीळ आहे."

"माझे डोळे पाहा. पिवळे दिसून राहिले का?"

"ही डोळ्यांत दिसत नाही. वर्षानुवर्षं रक्तात बसून राहते. लिव्हर आतून खाते."

"माझ्या अंगात बसून हाये अन् माले माहीत नाही, तुमाले माहीत?"

"हो," तो म्हणाला. हसला नाही. ते मला आवडलं.

ऑपरेशन झालं होतं का, रक्त चढवलं होतं का, असं त्यानं विचारलं. नाही म्हटलं. मग म्हणाला, गावात सुया घेतल्या होत्या का. मी म्हटलं, सायकलवाल्या डॉक्टरकडून सुया तर सगळ्यांनीच घेतल्या. किती? मी काय मोजून ठेवल्या होत्या? दर रोवणीला, दर कापणीला, ताप आला की. मग घरात कोणाला लिव्हरचा त्रास होता का, असं विचारल्यावर मी बायकोचं सांगायला लागलो. पोट, डोळे, पाणी काढलं ते. सांगता सांगता मी थांबलो. डॉक्टर टेबलावरच्या पेनाकडे पाहत होता.

पोरगी म्हणाली, "आईले हेच होतं न?"

"असावं," तो म्हणाला. "आता सांगता येणार नाही."

जवाई खुर्ची थोडी मागं सरकवून बसला. मी पाहिलं ते.

पोरीच्या रक्तात काही नव्हतं. स्वच्छ. एवढं रक्त मशीनमधून फिरूनही स्वच्छ. डॉक्टरलाही त्याचं नवल वाटलं. माझ्या लिव्हरवरून एक यंत्र फिरवून झालं, ते अजून मऊ आहे म्हणाला, म्हणजे मी द्यायला चालेन. पण दिली तर किडनीसोबत कावीळही जाणार.

पूर्वी अशा माणसाची किडनी कोणी घेतच नसे, हे त्यानंच सांगितलं. आता गोळ्या आल्या आहेत. आपल्याकडे येऊन फार वर्षं झाली नाहीत, पण बहुतेकांची कावीळ त्यांनी जाते. तेव्हा रस्ते दोन. पहिला, मी तीन महिने गोळ्या खायच्या, मग तितकेच महिने थांबून पाहायचं की कावीळ परत तर येत नाही, मग ऑपरेशन. हाच नेहमीचा रस्ता. दुसरा, आत्ताच ऑपरेशन करायचं, कावीळ तिला लागू द्यायची आणि मग दोघांनीही गोळ्या खायच्या. बाहेरच्या देशांत असं करायला लागलेत, इथं फार कमी झालंय, मी स्वतः अजून केलेलं नाही, हेही त्यानं लपवलं नाही. गोळ्या अर्ध्यावर सोडता येत नाहीत, म्हणून काय ते आधीच ठरवा.

"ठरवाचं काय त्याच्यात," मी म्हटलं. "मी पयले साफ होईन. मग देईन."

पोरीनं तपासणीचे कागद उचलून पिशवीत घातले.

मी तेव्हा काय विचार करत होतो तो लिहितो. बायकोला मी मरताना पाहिलं होतं. आता तेच माझ्या हातानं काढून पोरीच्या पोटात ठेवायचं? चिखलात पाय टाकू दिला नाही त्या पोरीच्या? आणि दुसरं असं की मी आयुष्यात कोणाला नासकी वस्तू दिली नाही. धान विकलं तर पोचट काढून विकलं. गाय दिली तर लाथ मारते हे आधी सांगून दिली. मग पोरीलाच काऊन द्यायची? मी चुकलो असं मी अजूनही म्हणत नाही. डॉक्टरचाही नेहमीचा रस्ता तोच होता.

गोळ्या सुरू करण्याआधी कावीळ कोणत्या जातीची ते पाहायला रक्त पुन्हा पाठवलं होतं. आम्ही परत आलो. त्याच दिवसांत पोरीला मशीनवर असतानाच थंडी भरली. दात वाजत होते ते मला बाहेर बाकावर ऐकू आले, किंवा मला तसं वाटलं. मानेच्या नळीतून रक्तात जंतू गेले होते. तसंच नागपूरला नेलं. मानेची नळी काढली, दुसऱ्या बाजूला घालायला गेले तर ती नस आतून बुजलेली. शेवटी जांघेत घातली. आठ-दहा दिवस ती होती की नव्हती ते सांगता येत नव्हतं. मला काचेतून दिसायची. ओठ काळे पडले होते. आईसारखी दिसत होती.

ताप उतरला तेव्हा डॉक्टर मला म्हणाला, "काका, मागं मी दोन रस्ते सांगितले होते. आता सांगत नाही. जांघेतली ही नळी जास्त दिवस टिकणार नाही, आणि हिच्यानंतर जागा नाही. सहा महिने हिच्याजवळ आहेत असं मला वाटत नाही."

मी म्हटलं, "वाटते म्हनजे? पक्कं सांगा."

"पक्कं तुमचा सायकलवाला डॉक्टर सांगत असेल. मी वाटतं तेच सांगतो."

मी तरीही नाही म्हटलं. म्हटलं, तुम्ही तिला तेवढे दिवस जगवा, तुमचं काम ते आहे. जवाई बाहेर येऊन माझ्यावर ओरडला. पहिल्यांदाच. "मामाजी, तुमची इज्जत घेऊन काय करू मी? जाळू तिच्यासोबत?"  जवाई म्हणून ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोरीनं मला आत बोलावलं. ती खाटेवर पडून होती, पाय सरळ ठेवायचा होता नळीमुळं. मला म्हणाली, बसा. मग तोंड छताकडे केलं. मला वाटलं रडेल. ती रडणारी नव्हतीच, माझ्यावर गेलेली.

"बाबा, त्या साली तुमी नवे तांदूळ घेऊन आलेच नाही."

इथं सांगायला पाहिजे. आमच्याकडे नवं धान निघालं की बाप पोरीच्या घरी नवे तांदूळ घेऊन जातो. फार नाही, एक चुंगडी. पण ती मोजून पाहिली जाते, सासरी हात घालून पाहिली जाते, तुकडा-कनकी किती, खडा किती. माझ्या चुंगडीत कनकी कधी निघाली नाही. मी स्वतः चाळून नेत असे. एक साल कापून ठेवलेल्या कडपांवर दिवाळीनंतर पाऊस पडला, धान भिजलं, कोंब आले, तांदूळ पिवळे निघाले आणि त्याला वास. त्या वर्षी मी गेलो नाही. तसले तांदूळ घेऊन पोरीच्या दारात उभं राहायची मला लाज वाटली.

"मी बजारातून आणून देतो म्हटलं होतं," मी म्हटलं.

"बजारचे नोको होते माले. सासू रोज म्हने, काऊन वो, यंदा बाप मेला का तुहा? मी दाराकडे पाहून राहू. पिवळे आणले असते तं मी निवडले असते. धुतले असते, उन्हात टाकले असते. वास राहिला असता थोडा. खाल्ले असते."

"अवो, ते जनावरानं खाल्ले नसते."

"तुमी ठरवलं न ते. माले इचारलं कुठं?" तिला धाप लागली म्हणून ती थांबली. मग हळू म्हणाली, "निवडाचं काम बाईचं असते बाबा. तुमचं काम आणाचं. तुमी आणा. निवडाचं माह्यं मी पाहीन."

मी विचारलं, "अन् नाही निवडल्या गेलं तं?"

"तं दोघं मिळून त्या सायकलवाल्याले शिव्या देऊ. एकट्यानं देऊन मजा येत नाही."

मी बाहेर आलो आणि डॉक्टरला म्हटलं, कापा.

ते इतकं सोपं नसतं. सरकारी परवानगी लागते, एक समिती बसते, समोर कॅमेरा लावतात. पोरीला चाकाच्या खुर्चीवरून आणलं. तिला विचारलं, वडिलांचा आजार तुम्हाला लागेल हे माहीत आहे का. ती म्हणाली, "माहीत हाये. माले किडनी लागते. तिच्यावर काय बसून हाये ते मंग पाहू." मला एका साहेबानं विचारलं, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"हाये," मी म्हटलं.

जवायानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. साहेब पुढं वाकला. "कोणाचा?"

"हिचाच. लहानपणापासून."

एक बाई साहेब होत्या, त्यांना हसू आलं. बाकीच्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, कारण ते खरं होतं. शेवटी परवानगी दिली.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा कुशीत आग होती आणि मी पहिलं विचारलं ते किडनीचं. नर्स म्हणाली, चालू आहे, लघवी झाली. मला लाज न वाटता रडू आलं. कोणाच्या लघवीसाठी माणूस रडेल असं मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला हसलो असतो.

मग आम्ही कावीळ यायची वाट पाहत बसलो. हा प्रकार ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. चोर येणार हे माहीत आहे, दार आपणच उघडं ठेवलंय, आणि तो यायची वाट पाहतोय, कारण तो आला की मग त्याला धरायचं. दर दोन-चार दिवसांनी तिचं रक्त घ्यायचे. आधी नव्हती. मग आली. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तो स्वतःच खाली पाहत होता. लिव्हरचे आकडे एकदम चढले, डोळ्यांत पिवळी झाक आली. ते डोळे मी आधी एकदा पाहिले होते. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकलो आणि कितीतरी वेळ आत गेलो नाही. तिनंच निरोप पाठवला, बाबांना म्हणा, मी मेली नाही, चहा घेऊन या.

दोघांच्या गोळ्या सोबतच सुरू झाल्या. दवाखान्याजवळ एक खोली घेतली होती, तिथं सकाळच्या चहानंतर एकाच पाकिटातून एक ती घ्यायची, एक मी. तिची आणखी मूठभर औषधं होती, किडनी टिकवायची. पिवळेपण हळूहळू उतरलं. तोंडाला चव आली. गोळ्या संपल्या तेव्हा दोघांच्याही रक्तात कावीळ सापडली नाही. जवाई मिठाई घेऊन आला. मला वाटलं, झालं.

ती कुडव्याला गेली. घरात तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, बाथरूममधली बादली वेगळी. सासूला कोणीतरी सांगितलं होतं की शिवलं की लागते. पोरीनं समजावलं, जवायानं समजावलं, डॉक्टरचा फोन लावून दिला. सासू म्हणाली, बापाची कावीळ हिला लागेल हेही डॉक्टरनंच सांगितलं होतं. त्यात तिचं काय चुकलं ते मला सांगता आलं नाही. ब्लाऊज शिवायला कोणी येईना. सुई आहे न हातात, बाया म्हणायच्या.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. माझं रक्त साफ होतं. तिच्यातली परत आली होती.

डॉक्टरनं सांगितलं की असं काहींना होतं. किडनी टिकवायला अंगाची ताकदच दाबून ठेवावी लागते, त्यात एखादा कोपरा राहून जातो. त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं पण डोक्यात एकच होतं. माझी होती ती. पन्नास वर्षं वाकून मी कमावलेली. ती मला सोडून तिच्यात राहायला गेली. मी म्हटलं, "परत माझ्यात टाका. तिचं रक्त काढून मला टोचा. माझ्यात होती तेव्हा काही करत नव्हती."

डॉक्टर म्हणाला, "तसं होत नाही काका."

पोरगी म्हणाली, "पाहा, सुईच मागून राहिले अजून." आणि हसली. तिच्याशिवाय कोणी हसलं नाही.

दुसऱ्या जातीच्या गोळ्या द्यायचं ठरलं, जास्त महिने. त्या कुठून कुठून मागवाव्या लागल्या. त्याचा खर्च कसा केला ते मी लिहिणार नाही. त्या गोळ्यांनी कावीळ गेली, आणि या वेळी परत आली नाही. पण मधल्या त्या महिन्यांत औषधांचा तोल गेला आणि अंगानं किडनीवर हल्ला केला. पुन्हा दवाखाना, पुन्हा नळ्या, अंग सुजवणारी औषधं. किडनी वाचली. अर्धी वाचली म्हणायला पाहिजे.

जवाई तिला दवाखान्यातून घ्यायला आला नाही. मला फोन केला. "मामाजी, थोडे दिवस तिकडंच राहू द्या. आईची तब्येत बरी नाही." मी म्हटलं, बरं. तो वाईट माणूस नाही. भित्रा आहे, आणि थकला होता. थोडे दिवस म्हणाला होता, ते दिवस अजून चालूच आहेत. सुरुवातीला रविवारी गाडीवर येऊन दारात बसायचा, चहा घ्यायचा, हेल्मेट मांडीवर ठेवून. मग एक रविवार सोडून यायला लागला. पोरगी त्याला थांबा म्हणत नाही.

आता ती माझ्याजवळ आहे. घरी तिचं ताट आणि माझं ताट एकच, कोणाचं कोणतं ते धुतल्यावर कळत नाही. तिनं गावात पुन्हा शिवण सुरू केलं. आमच्या गावच्या बाया येतात, कारण त्यांच्यापैकी कितीतरी जणींनी मग तपासून घेतलं. धुऱ्यावर ओळीनं बसायचो ती ओळ बहुतेक तशीच्या तशी काविळीची निघाली. काही जणींना गोळ्या भेटल्या. काहींची वेळ गेली होती.

दर महिन्याला आम्ही रक्त तपासायला जातो. तो एक आकडा असतो, किडनीकडून रक्तात किती घाण राहून जाते त्याचा. तो खाली राहायला पाहिजे. तो चढतोय, हळूहळू, पण चढतोय. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाला की काही वर्षं निघतील, मग बहुतेक पुन्हा मशीन. जांघेत नळी घातली होती तेव्हा सांगितलेल्या सहा महिन्यांपेक्षा तर ही काही वर्षं जास्तच आहेत, असं मी म्हटलं. तो म्हणाला, हो, ते आहे.

येताना गाडीत गर्दी नव्हती. खिडकीजवळ बसलो. पोरगी तपासणीचे कागद पिशवीत नीट घालत होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "घाबरू नोका. तुमच्याजवळ आता एकच उरली हाये. ती मी मागनार नाही."

"मागून तं पाह."

"मागून भेटली असती तं पयल्यांदा एवढं भांडावं लागलं नसतं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून खिडकीला टेकली. सौंदड येईपर्यंत मी तिला उठवलं नाही.